विसावा, पण एकोणिसाव्यानंतरचा नव्हे

मित्रांनो, मी एक जुना दगडी बाक आहे आणि माझ्याआधी कोणीही एकोणीस नव्हते. इतर मंडळी ओळख करून देताना नाव सांगतात. मला आधी खुलासा करावा लागतो. माझ्या दर्शनी कडेवर ठसठशीत अक्षरांत ‘विसावा’ असे कोरले आहे. दमलेल्या माणसाने घटकाभर टेकावे, त्याला विसावा म्हणतात. एकोणिसाव्याच्या पुढे जो येतो, त्यालाही विसावाच म्हणतात. भाषेने निरागसपणे ठेवलेल्या या दोन अर्थांमधल्या फटीतून आमच्या गावाने चारशे वर्षांचा इतिहास बाहेर काढला. कसा, ते ऐका.

आमचे गाव डोंगराच्या उतारावर आहे. खाली बसथांबा, दुकाने आणि खोल्या भाड्याने देणारी घरे. वर तळे आणि तळ्याच्या अलीकडे जुनी वस्ती. दोहोंना जोडणाऱ्या तीनशे बारा पायऱ्या, आणि त्यांच्या बरोबर मध्यावर मी. आमच्याकडे ऋतू दोनच: गर्दीचा आणि डागडुजीचा. गर्दीच्या ऋतूत अंगणोअंगणी पाहुण्यांच्या पांढऱ्या चादरी वाळतात, आणि घरमालक स्वतःचा पलंग पाहुण्याला देऊन स्वयंपाकघरात टेबलाखाली पाय सोडून झोपतो. दुकानांत गावाचे नाव छापलेल्या टोप्या मिळतात. त्या कोठे तयार होतात हे गावात कोणालाही ठाऊक नाही. डागडुजीच्या ऋतूत शिड्या निघतात, रंगाचे डबे उघडतात आणि माणसे पुन्हा आपल्या खऱ्या आवाजात बोलू लागतात. मला दोन्ही ऋतू प्रिय आहेत. पहिल्यात माणसे भेटतात, दुसऱ्यात ऊन.

मला एका पाथरवटाने घडवले. त्याची थोरली बहीण गावची सुईण होती. बसथांब्याजवळ कोणी अडली की ही पिशवी घेऊन खाली उतरे, आणि मूल रडले की पुन्हा सगळ्या पायऱ्या चढून घरी जाई. एकदा ती अर्ध्या वाटेत गुडघे धरून ओल्या पायरीवर बसलेली त्याने पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याने खाणीतला सर्वांत गुळगुळीत दगड निवडला. दोन पाय, वर एक फळी, झालो मी.

‘ताई, तुझं नाव कोरू का यावर?’ त्याने विचारले.

‘नको रे बाबा! लोकांना वाटेल, मी गेले. कशासाठी आहे तेवढं लिही.’

म्हणून ‘विसावा’. परंतु धाकटे भाऊ सांगितलेले सगळे ऐकत नाहीत. बहीण निघून गेल्यावर तो माझ्याखाली उताणा झोपला आणि फळीच्या पोटाकडे, जेथे कोणाची नजर जाणार नाही तेथे, त्याने आणखी दोन शब्द कोरले. सुईण पहिल्यांदा बसली तेव्हा तिची बोटे सवयीने फळीच्या कडेखाली गेली आणि तेथेच थबकली. मग ती एवढेच म्हणाली, ‘बरा झालाय. जरा उंच झालाय.’ त्यानंतर ती जेव्हा जेव्हा बसली, तेव्हा तिचा उजवा हात फळीखाली असे. पाथरवट वारला त्या वर्षी तो हात फार वेळ तेथे राही.

माझ्या भाषेचे तुम्हाला नवल वाटत असेल. मी शिकलेला नाही, बहुश्रुत आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई नजर अधू झालेल्या नवऱ्याला रोज सायंकाळी माझ्यावर बसून वाचून दाखवत. व्याकरण, तर्कशास्त्र, इतिहासाचे जाडजूड ग्रंथ.

‘तळटीप गाळलीस,’ नवरा म्हणे.

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘पानाच्या शेवटी तुझा आवाज खाली गेला नाही.’

अशा शिस्तीत माझी वीस वर्षे गेली. विधानाला पुरावा लागतो, हे मी दगड असून शिकलो. ज्यांना दोन पाय आणि एक तोंड असूनही ते शिकता आले नाही, त्यांच्याबद्दल आता सांगतो.

आमच्या गावात एक वाटाड्या आहे. कोणतीही भिंत दाखवा, तो तिचे साल सांगतो. म्हणून लोक त्याला सनावळी म्हणतात. एके दिवशी पाहुण्यांतल्या एका चिमुरडीने माझ्यावरचे अक्षर बोटाने गिरवत विचारले, ‘विसावा? मग पहिला कुठाय?’ सनावळीला खरे ठाऊक होते. मी कोणासाठी घडलो, हे त्याच्या आईने त्याला लहानपणीच सांगितले होते. पण पाहुण्यांच्या डोळ्यांत कुतूहल चमकले की त्याच्या जिभेचा लगाम सुटतो.

‘शाबास! आजवर हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता,’ तो म्हणाला. ‘सन सोळाशे बेचाळीस. राजानं या वाटेवर वीस बाक बसवले. एकोणीस काळानं गिळले. हा शेवटचा.’

असत्याला पाय नसतात, असे म्हणतात. खरे आहे, छापल्यावर त्याला चाके लागतात. दोन वर्षांत राजा पत्रकात आला. तिसऱ्या वर्षी एक संशोधक आले. त्यांनी भिंगातून माझी अक्षरे तपासली, फुटपट्टीने माझी लांबी मोजली आणि आपल्या निबंधात त्या पत्रकाचा आधार दिला. पुढच्या पत्रकाने त्या निबंधाचा आधार दिला. दोन लटपटणारी माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, की दुरून ती भक्कम कमान भासते. एवढ्या तपासात एकही विद्वान कमरेत वाकला नाही.

मास्तरीणबाईंनी नगरपालिकेला पत्र लिहिले आणि ते आधी माझ्यावर बसून नवऱ्याला वाचून दाखवले: ‘हे अक्षर कोरले जात असताना मी स्वतः तेथे उभी होते. वेलांटी पहिली की दुसरी, हे पाथरवटाने मलाच विचारले होते.’ महिन्याने उत्तर आले: ‘आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.’ त्यांनी पुरावा धाडला होता. तिकडे पोचली ती भावना.

मग माझा सन्मान झाला. चार लोखंडी खांब, त्यांत साखळी, आणि पाटी: ‘ऐतिहासिक वारसा. बसू नये.’ मित्रांनो, बाकावर बसायला बंदी करणे म्हणजे विहिरीला पाण्यापासून जपणे होय. लोक माझे फोटो काढू लागले, आणि माझ्यावर धूळ बसू लागली. तिला मात्र कोणी हटकले नाही.

सुईण आता पंचाहत्तरीची होती. एके दिवशी ती मुलीसोबत चढत आली आणि साखळीपाशी थांबली. तिने हात पुढे केला. तो फळीपर्यंत पोचला नाही.

‘आई, बाक होता तोवर मी गप्प होते,’ मुलगी म्हणाली. तिचे बसथांब्याजवळ पाहुण्यांच्या खोल्यांचे घर होते. ‘आता मधेच चक्कर आली तर कोण धरणार तुला? हा सीझन संपला की खाली यायचं. मागची खोली देते.’

‘ती चादरींची खोली. मलाही घडी घालून ठेवशील.’

‘हसण्यावारी नेऊ नकोस.’

‘मग काय रडण्यावारी नेऊ?’ सुईण म्हणाली. पण तिने साखळी दोन्ही हातांनी धरली. तिचे घर वर होते. साठ वर्षे ती ज्या खिडकीतून तळे पाहत आली, ती खिडकी आणि ती यांच्यामध्ये आता एका बाकाचे अंतर पडले होते.

चार दिवसांनी भर दुपारी सनावळी तीस टोप्यांना माझा इतिहास सांगत होता. सुईण धापा टाकत आली आणि साखळीला धरून उभी राहिली.

‘मावशी, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय.’

ती हलली नाही. माझ्या दगडाला घाम फुटला असता तर तेव्हा फुटला असता. ‘माझ्या भावानं माझ्यासाठी केलाय,’ एवढेच तिने म्हणायचा अवकाश होता. सनावळीची भाकरी तेथेच बंद झाली असती. त्यालाही ते कळले. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

‘काय रे,’ ती म्हणाली, ‘तुझे ते एकोणीस बाक गेले कुठं?’

‘का… काळाच्या ओघात, मावशी.’

‘ओघात दगड वाहून जातात होय? बरं, राजानं ते माणसं बसावीत म्हणूनच केले ना? की त्यालाही साखळीची हौस होती?’

टोप्या हसल्या. पायरीवर बसून सुजलेला घोटा चोळणारी एक पाहुणी म्हणाली, ‘खरंच हो, बाकीचे पुन्हा बसवत का नाहीत? आमचे पाय गेले इथं.’

सनावळीने सुईणीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘बसवणार आहेत ना!’ तो म्हणाला. ‘पुढच्या सीझनच्या आत. एकोणीसच्या एकोणीस.’

तीस जणांनी ऐकलेले आश्वासन आठवड्यात पत्रकात आले, आणि छापील शब्दाला नगरपालिका फार भिते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना टेकायला जागा हवी, हा अर्ज तीस वर्षे कपाटात होता. खऱ्या गुडघ्यांसाठी एक दगड हलला नव्हता. खोट्या राजासाठी डागडुजीच्या एका ऋतूत एकोणीस हलले. मला संताप आला. तो अजून आहे. परंतु मास्तरीणबाई नवऱ्याला घेऊन सातव्या बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, ‘आधार शून्य, पण टेकायला बरा आहे.’ क्रमांक मात्र पाहा: पायथ्याला पहिला, माथ्यावर एकोणिसावा, आणि मधोमध विसावा. हे गणित आजवर एकाही टोपीने विचारलेले नाही.

शेवटचा बाक बसला त्या संध्याकाळी सुईण एकेका बाकावर टेकत, जणू प्रत्येकाची तपासणी करत वर आली. सनावळी माझ्यापाशी उभा होता. त्याने मुकाट्याने साखळी काढली आणि टोपीने माझी धूळ झटकली.

‘मावशी, रागावलात?’

‘तू माझ्याच हातांत पायाळू जन्मलास. तुझं सगळंच उलटं. खोटं बोलायला गेलास आणि चांगलं करून बसलास. बस इथं.’ तो बसला. ‘आता फळीखाली हात घाल. बोटांनी वाच.’

त्याची बोटे दगडावरून सरकू लागली. ‘ता… ई… च्या…’ तो थांबला. ‘ताईच्या गुडघ्यांसाठी.’

त्याने ती अक्षरे पुन्हा एकदा चाचपली. मग त्याने हलक्या आवाजात म्हटले, ‘कुठलं साल हो, मावशी?’

आयुष्यात पहिल्यांदा त्याने साल सांगितले नाही, विचारले.

‘तुझ्या जन्माच्या आधलं. एक्केचाळीस वर्षं झाली. तुझ्या इतिहासात एक शून्य जास्त पडलंय बघ.’

साखळी त्यानंतर लागली नाही. सनावळी आजही राजाची गोष्ट सांगतो. जित्याची खोड आहे ती. पण शेवटी म्हणतो, ‘आता वाका आणि खाली हात घाला. खरं तिथं लिहिलंय.’ टोप्या वाकतात. एकोणीस बाक उखडायला अजून कोणी आलेले नाही, आणि सुईणीची मुलगी मागच्या खोलीत चादरीच ठेवते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे शेवटी सांगण्याचा प्रघात आहे. माझी ती एकदा घेतली गेली, पुन्हा नको. मला वापरा. माझ्यावर बसा, भांडा, मोठ्याने वाचा, आणि दर्शनी अक्षरांवर विश्वास ठेवण्याआधी एकदा फळीखाली हात घाला. आता मात्र थोडे सरकून बसा. खालच्या पायऱ्यांवर पावले वाजत आहेत, दर बाकापाशी थांबत आहेत. ताई येते आहे.