सकवारबाईंची साक्ष

त्या रविवारी सकवारबाईंनी सकाळीच केस धुतले, कपाटातली आमसुली इरकल काढली आणि कोडबळे तळायला घेतले. लेक वल्लरी कोरमंगलातल्या आपल्या घरून आईकडे मल्लेश्वरमला पोहोचली तेव्हा घरभर तळणीचा वास होता.

"आई, विम्याचा माणूस यायचाय. पाहुणा नव्हे."

"बघायला येणार म्हणालीस ना? मग बरं दिसायला नको? तुला बघायला आले तेव्हा तू जीन्स घालून बसलीस."

"तरी त्यांनी होकार दिला की."

"दिला. आणि तूच नको म्हणालीस!" आई हसली. वल्लरीलाही हसू आलं.

दोन महिने तिने दोन कंपन्यांचे कागद शेजारीशेजारी ठेवून, बारीक अक्षरांसकट वाचले होते. पुढे कधी आईने अंथरूण धरलं, तर घरी परिचारिका पाठवणारा विमा होता हा. पहिली कंपनी गरज पडल्यावर तीन महिने थांबायला लावी. दुसरी पंधरा दिवसांत माणूस देई, पण आधी घरी येऊन तपासणी करी. अट एवढीच, की आजच्या घडीला अर्जदाराचं कुणावाचून अडत नसावं. आईचं अडतच नव्हतं. सत्तरीनंतर दोन्ही कंपन्या अर्ज घेणार नव्हत्या आणि आईच्या सत्तरीला पाच आठवडे उरले होते. वल्लरीने दुसरी निवडली. एकदा हे झालं की आईचा गुडघा, आईची साखर यांचं ओझं मनावर न घेता तिला आपल्या घरी निवांत राहता येणार होतं.

तपासणीला आलेला महांतेश बेळगावकडचा निघाला. त्याचं मराठी ऐकून आईचा चेहरा खुलला. "अगं, हा तर आपलाच माणूस! बसा, स्वल्प कोडबळे घ्या."

त्याने टॅब उघडला. "आजी, आंघोळीला कुणाची मदत लागते?"

"लेक घालते की."

"आई!" वल्लरी दचकली.

"मॅडम, त्यांनाच बोलू द्या. नियम आहे."

"साडी तीच नेसवते, केस तीच विंचरते," आई रंगात आली. "पुढ्यात बसून भरवते. कामावरून कितीही दमून येऊ दे, माझं केल्याशिवाय निजत नाही. चालते तेवढी माझी मी."

महांतेशने टॅबवरचे सहाही प्रश्न विचारले, आईची सही घेतली आणि दारात वल्लरीला हळूच म्हणाला, "मॅडम, मला दिसतंय सगळं. पण त्या बोलल्या तेच लिहावं लागतं. नामंजूर होणार."

तो गेल्यावर वल्लरी उसळली. "खोटं का बोललीस? धडधाकट आहेस तू!"

"मग काय सांगू? म्हातारी एकटी राहते आणि लेक रविवारी तोंड दाखवून जाते? आपल्या माणसापुढे?"

"त्याला काय पडलंय त्याचं!"

"मला पडलंय."

वल्लरीला त्या क्षणी वाया गेलेले दोन महिने तेवढे दिसले. "आता पहिल्या कंपनीकडे अर्ज करते, त्यांचा चौकशीचा फोन येईल. तिथे तरी माझं कौतुक आवर," असं म्हणून ती जेवायलाही थांबली नाही. आई जिन्यापर्यंत आली. "सरी, सरी. आवरते हो. सावकाश जा."

सोमवारी सकाळी शेजारच्या धनलक्ष्मीअक्कांचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

दुपारी मागच्या अंगणात आडोसा करून आईला पाटावर ठेवलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. अक्कांनी बाकीच्यांना मागे सारून पाण्याचा तांब्या वल्लरीच्या हातात दिला.

"तूच घाल. तुझ्या हाताची सवय आहे तिला. सगळं सांगायची ती. रात्री येऊन डोक्याला तेल लावतेस, न्हाऊ घालून पहाटे निघतेस. मी म्हणायचे, मग आम्हाला कशी दिसत नाही गं ती? तर म्हणायची, तुम्ही उठायच्या आधीच जाते बिचारी."

बायकांनी माना डोलावल्या. एकीने पदराने डोळे टिपले. म्हणजे आईने कालची साक्ष महांतेशसाठी रचली नव्हती. ती कित्येक वर्षं या गल्लीत हेच सांगत आली होती.

पाणी कितपत कढत हवं, आधी डोक्यावर की आधी पायांवर, वल्लरीला काहीच ठाऊक नव्हतं. गप्प राहून नुसता तांब्या ओतला असता, तर आईचा शब्द राहिला असता. सगळ्याजणी वाट पाहत होत्या.

"अक्का," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी आईला कधीच न्हाऊ घातलं नाही. मी फक्त रविवारी यायचे. तिला काही झालं तर माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी तिचं करावं, म्हणून मी कंपन्या शोधत होते. मला करायचं नव्हतं, अक्का. आता करायचंय. कसं घालतात, ते दाखवा मला."