आप्पांची खुडणी

नीलमने टोमॅटोचा शेंडा दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवला. कळ्यांचा झुबका यायला हवा तिथं नुसता देठ होता, तोही अर्ध्यावर तुटलेला. पुढचं झाड तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. झाडं कमरेला लागलेली, पानं हिरवीकंच, कुणाचीही नजर लागावी अशी. फूल मात्र औषधालाही नव्हतं.

निपाणीच्या त्या बाजूला रान म्हणजे तंबाखू हे ठरलेलं. अंगणात तंबाखू वाळायला पडली की नीलमची धाकटी पोर, आरोही, खोकायला लागायची आणि माल घरातून हलेपर्यंत खोकत राहायची. मागच्या हंगामात तिला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या नीलम नवऱ्याला म्हणाली होती, "ह्या रानात आता तंबाखूचं एक रोप लावू द्यायची न्हाय मी."

साईराज कागलच्या कारखान्यात कामाला जायचा. भांडायला त्याला वेळ नव्हता.

"एक साल देतो तुला," तो म्हणाला. "टोमॅटो लागला तर लागला. न्हायतर परत तंबाखू. मग कुरकुर चालायची न्हाय."

त्या एका सालावर नीलम हट्टाला पेटली होती. झाड माजलंय असं कुणी म्हणालं म्हणून तिने युरिया बंद केला. पाणी जास्त होतंय म्हणाले, तर पाणी तोडलं. शेवटी एक शेंडा रुमालात गुंडाळून ती निपाणीला औषधांच्या दुकानात गेली.

"फूल लागून गळतंय, का लागतच न्हाय?" दुकानदाराने विचारलं.

"गळलं असतं तर खाली दिसलं असतं की. खाली काय न्हाय."

"मग अळी हाय बघा. अंधारात खाती, दिवसा मातीत दडती."

तिने औषध मारलं. कळ्या जायच्या त्या जातच राहिल्या. माती उकरली, अळी काही सापडली नाही. मग तिने ठरवलं, खाताना धरायचीच तिला. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती बॅटरी घेऊन रानात गेली.

सरीत कुणीतरी वाकलं होतं. बॅटरीची गरज पडली नाही, पाठीवरूनच तिने ओळखलं. तिचे सासरे, यल्लाप्पा. आप्पा पहाटे देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसतात असंच घरात सगळे धरून चालले होते. वर्षभरात त्यांना बरंच काही आठवेनासं झालं होतं. जेवलो की नाही हे कळत नव्हतं, मेलेल्या भावाला हाका मारायचे. पण हात कसे चालले होते! शेंडा धरायचा, नखाने कटकन तोडायचा, खांद्यावरच्या टॉवेलच्या झोळीत टाकायचा आणि पुढच्या झाडाला जायचं. तंबाखूला फूल येऊ दिलं तर पान पोसत नाही, म्हणून शेंडा खुडायचा. उभा जन्म त्यांनी हेच केलं होतं.

"आप्पा, काय करायलाय?" तिचा आवाज चिरकला.

"खुडणी," ते खुशीत म्हणाले. "मागं पडलीया. तुमास्नी कुनाला ध्यानच न्हाय. आन् खुडल्यालं रानात टाकायचं न्हाय, कीड लागती. बांधाला नेऊन टाकायचं."

एवढं बोलून त्यांनी एका पानावरून हात फिरवला आणि मान हलवली. "औंदा पान लई बारीक पडलंय, पोरी."

नीलमला त्या क्षणी त्यांचा मनस्वी राग आला. महिनाभराची मेहनत त्या टॉवेलात होती. ओरडायला म्हणून तिने तोंड उघडलं, आणि त्यांचा हात धरून त्यांना घराकडे वळवलं.

घरी आणून तिने त्यांना समजावलं. "टोमॅटो व्हय? मग फूल ठेवायला पायजे की," असं म्हणून त्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा सरीत हजर. साईराज म्हणाला, "भायनं कडी लाव." तिने एक दिवस लावली. दार उघडलं तेव्हा आप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि टॉवेलच्या दशा नखाने एकेक करून तोडत होते. अर्धा टॉवेल बोडका झाला होता. तिने कडी पुन्हा लावली नाही.

त्या दिवशी दुपारी ती शेजारच्या मष्णूच्या रानात गेली. संध्याकाळी साईराज कामावरून आला तेव्हा घरासमोरच्या बांधालगत ती खड्डे घेत होती. बाजूला मातीच्या गड्ड्यासकट खणून आणलेली हातभर उंचीची झाडं ठेवली होती.

"तंबाखू?" तो बघतच राहिला. "एक रोप लावू द्यायची न्हाय म्हनालतीस नव्हं?"

"म्हनालते."

"मग हरलीस म्हन की."

"पाणी आण जा," ती म्हणाली. "आन् लगेच आण, सुकत्यात."

त्यालाच बादली आणावी लागली.

पहाटे घरातून निघालं की आधी ती तंबाखूची ओळ लागायची. आप्पा तिथंच थांबू लागले. शेंडे खुडून झाले की पानांच्या बगलेतले फुटवे काढायचे, ते झाले की नुसतीच पानं चाचपायची. ऊन वर येईपर्यंत त्यांचा वेळ तिथं छान जायचा. नीलम मात्र रोज पहाटे टोमॅटोच्या सरीच्या तोंडाशी उभी असायची. एवढ्यावर विश्वास ठेवून झोपणारी ती नव्हती.

झाडांनी पुन्हा कळ्या धरल्या. एका सकाळी पहिली ओळ पिवळी दिसली आणि तिचं काळीज सुपाएवढं झालं. ती बघत उभी होती, तेवढ्यात तंबाखूची ओळ संपवून आप्पा सरळ इकडेच चालत आले. टॉवेलची झोळी भरलेली, नखं काळी झालेली. नीलम झाडांपुढे आडवी उभी राहिली.

आप्पांनी फुलांकडे पाहिलं. हात वर गेला आणि मधेच थांबला.

"ह्ये रान कुनाचं?"

'आपलंच की,' असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"माझं."

"असं व्हय." आप्पांनी हात मागे घेतला. दुसऱ्याच्या पिकाला ते आयुष्यात कधी शिवले नव्हते. त्यांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "तू मष्णूची सून न्हवं?"

नीलमने पिवळ्या ओळीकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली.

"ब्येस आलंय पीक. आमच्या नीलमलाबी असंच टोमॅटो करायचंय. लई जिवाला लावून घेतलंय तिनं." त्यांनी घराकडे बोट केलं. "तिला घिऊन येतो दावायला. चालंल न्हवं?"

"या की, आप्पा," ती म्हणाली. "घिऊन या."