मुलाम्याची सुरी

गर्ट्रूडनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि टेबलावरचा हात सरळ मागे ओढून घेतला.

"त्या सुरीनं नाय," ती म्हणाली. "ती दुसरी घ्या. चमकते ती."

हरिहर डॉक्टर सुरी हातात घेऊन तसेच उभे राहिले. प्लेगाच्या आधीची ती वर्षं. सुऱ्या उकळून घ्यायची नवी पद्धत त्यांनी आवर्जून उचलली होती. आताही दोन सुऱ्या नुकत्याच उकळून ताटात काढल्या होत्या. एक निकेलच्या मुलाम्याची, आरशासारखी लखलखीत. दुसरी जुनी, काळी पडलेली. डॉक्टरांनी उचलली होती ती काळी.

तिचा नवरा मार्सेल कळव्याच्या मिठागरावर फावडं ओढायचा. उजव्या अंगठ्यात काटा गेल्याचं निमित्त झालं, नखुरडं धरलं, आणि आता अंगठा वांग्यासारखा सुजून जांभळा झाला होता. पू हाडाकडे उतरतोय, आज मोकळा केला नाही तर अंगठा जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. अंगठा गेला की फावडं गेलं आणि फावडं गेलं की चूल, हे गर्ट्रूडला कुणी सांगायला नको होतं. म्हणून तर नवऱ्याला जवळजवळ फरफटत तिनं खाडीपार ठाण्याला आणलं होतं.

पण बाईची नजर मोठी तिखट. त्यांच्या आधी आलेल्या एका शेटजीच्या मानेवरचं गळू डॉक्टरांनी त्या चकचकीत सुरीनं फोडलेलं तिनं दारातून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"शेटला चांदीची, नि आमाला ही काली?"

"अहो बाई, ती चांदी नव्हे, नुसता मुलामा आहे. लोकांना चकाकी बरी वाटते, म्हणून ठेवलीय. वरवरच्या गळवाला चालते. पण दोनदा धार लावली की कडेचा मुलामा सुटतो आणि सुरी अडते. ही अस्सल पोलादाची. हिची धार मी ओळखतो."

"बोलायला काय जातंय? तुमच्या घरच्याला कोनची लावली असती?"

"गप ना गो," मार्सेल कण्हला.

डॉक्टरांनी काळी सुरी ताटात परत ठेवली. आपण जिंकलो, हे गर्ट्रूडला कळलं. पण त्यानं तिला बरं काही वाटलं नाही.

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा सरला आणि डॉक्टरांची बायको मंदाकिनी बाहेर आली. परक्या माणसांसमोर दवाखान्यात ती कधी येत नसे. डॉक्टरच आधी चपापले. पदर सावरत ती गर्ट्रूडपुढे उभी राहिली आणि तिनं डावा हात पुढे केला. तर्जनी मधल्या पेरापाशीच संपली होती.

"मलाही असंच नखुरडं झालं होतं," ती म्हणाली. "ही चकचकीत सुरी तेव्हा नवीच होती, दोनदाच धार लावलेली. घरच्या माणसाला चांगली हवी, म्हणून यांनी तीच घेतली."

"धार अडखळली," डॉक्टर खाली बघत पुटपुटले.

"अडखळली, खरं आहे. पण मी ओरडले आणि तुम्ही हात आखडता घेतलात, हेही खरंच. पू आत राहिला आणि हाड सडलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच डॉक्टरांना सोसत नसावं. गर्ट्रूडला त्यांची दया आली. लगोलग भीतीही वाटली. सुरी बदलली तरी हात तर हाच होता.

तिनं मार्सेलचा हात पुन्हा टेबलावर ठेवला आणि मनगटावर आपला सगळा भार टाकला.

"घ्या काली," ती म्हणाली.

डॉक्टरांनी अंगठ्याला टोक लावलं. मार्सेलनं दात आवळले होते, पण पहिल्याच चिरेला तो असा किंचाळला की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. डॉक्टरांची बोटं जागच्या जागी थबकली.

गर्ट्रूडच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं मनगट आणखी दाबून धरलं.

"थांबू नका," ती ओरडली. "नवरा माजा हाय, डॉक्टर. तुमचा कोनी नाय तो. कापा."