राजाबाईच्या उशाशी टांगलेली

मी बाटली बोलतेय. हसू नका, दारूची न्हवं, रक्ताची! बेळगावच्या एका दवाखान्यात मला उलटी टांगायचे, तेव्हा कुठं माझी अक्कल चालायची. शिक्षण म्हणाल तर पोटावर कोरलेले आकडे, तेवढंच. तरी दाक्तरसुद्धा माझ्याकडं बघूनच पुढचं बोलायचे.

पंचेचाळीसला महायुद्ध संपलं, त्या दिवाळीत निपाणीकडची राजाबाई आली. पोटात कर्करोगाची गाठ. दाक्तरांनी अर्धं पोट कापून काढलं. गाठ गेली, पण रक्तही लई गेलं. बाई चुन्यासारखी पांढरी.

"आज रक्त चढलं नाही, तर केलेलं सगळं पाण्यात," दाक्तर म्हणाले.

पोराचं, मष्णूचं, रक्त जुळेना. मिशीला पीळ देणारे भाऊबंद सुई बघून "बैलं सोडायची हायती" म्हणत पसार झाले. जुळलं ते जावयाचं, परशरामचं. त्याच्या दंडातून मी ऊन ऊन भरले आणि राजाबाईच्या उशाशी टांगले गेले.

अन् बाईनं हात मागं ओढला!

"लेकीच्या घरचं मी पाणीबी प्याले न्हाय. जावयाचं रगात घिऊ व्हय? मेले तर मेले."

लेक जयाबाई रडायला लागली. मी गच्च भरलेली, बाई विझत चाललेली, आणि मध्ये आडवी ही रीत!

परशराम दंडावरचा बोळा दाबत उठला. "मामी, चैतात धोंड्याला मला अनारसं कुणी चारलं?"

"मीच की, पाव्हणं."

"आन् पुरणपोळीवर तूप?"

"मीच."

"मग हे रगात तुमच्याच चुलीवरचं. म्या नुसतं राखलं. आपलं परत घ्यायला कसली लाज?"

राजाबाई त्याही अवस्थेत फिसकन हसली. हात पुढं आला. मी थेंबाथेंबानं रिकामी झाले, तिच्या ओठांवर रंग चढत गेला.

पुढं माझा काठ उडाला, दवाखान्यानं मला काढून टाकलं. राजाबाईनं मागून घरी आणलं. आता फळीवर गोडंतेल सांभाळते. सरळ उभी असते, म्हणून अक्कल जरा कमीच. बाई चिमणीएवढं खाते, पण दिवसभर खाते. शेजारणींशी भांडायला जोर मात्र पूर्वीपेक्षा जास्त!

यंदा, सत्तेचाळीसच्या श्रावणात, पुन्हा धोंडा आलाय. परशराम पाटावर बसून "बास, मामी!" म्हणतोय.

"खावा, पाव्हणं," राजाबाई वाढतेच आहे. "माझं ठेवणं हाय ते."

तुम्हालाही एवढंच सांगते: कुणी रक्त मागितलं, तर बसा दोन घटका. बैलं कुठं जात न्हाईत.