चौथं गाणं

सैफच्या बँडचं नाव 'ओपनकास्ट'. चंद्रपुरात ओपनकास्ट म्हटलं की कोळशाची खाण. त्या नावाचा बँडही आहे हे फक्त चार जणांना ठाऊक होतं, आणि ते चौघेही बँडातच होते. १९९९ साली त्यांनी नागपूरला जाऊन 'सायडिंग' नावाची कॅसेट काढली. आठ गाणी, आठही रडकी. कव्हरवर चौघे रुळांवर चार दिशांना तोंडं करून उभे होते, जसा काही एकमेकांशी अबोला धरला होता. वर्षभरात तो खरोखरच धरला गेला. प्रफुल वीज केंद्रात ठेकेदाराकडे चिकटला, धनराज लग्नांच्या ऑर्केस्ट्रात नागीण वाजवू लागला, चौथ्यानं विम्याची एजन्सी घेतली. सैफ मात्र मे महिन्यातसुद्धा काळं जाकीट घालून जगावर रुसून बसला होता. जगाला त्याचा पत्ताच नव्हता.

बापाला होता. खुर्शीदभाईंचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यांना सरळ दिसत होतं.

"हे कॅसेट पह्यल्यापासून आखरीपर्यंत ऐकलेला एक आदमी मले दाखव," ते म्हणाले. "मंग तुले काई म्हणत नाई. नाई भेटला तर सोमवारपासून दुकानात बस."

सैफनं चार दिवस मित्र पालथे घातले. एक जण दुसऱ्या गाण्यात झोपला होता. एकानं कॅसेटवर क्रिकेटची कॉमेंट्री भरून घेतली होती आणि तसं हसत हसत सांगितलंही. एका पत्रकार मित्रानं तर न ऐकताच 'काळाच्या पुढचं काम' असं लिहून टाकलं होतं; काळ यायची वाट बघायला सैफकडे सोमवारपर्यंतच मुदत होती.

अशात अहेरीच्या बाजारात कॅसेट विकणारा दसरू माल घ्यायला चंद्रपूरला आला. "तुमची कॅसेट एटापल्ली रोडवर एका बाईच्या धानात रोज वाजते," तो म्हणाला. "पुरी वाजते, दोन्ही बाजू. बुधरी नाव आहे तिचं."

सैफ दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघाला. शहराला दुःख समजत नाही, जंगलाला समजतं, असं एक वाक्य त्यानं आलापल्लीपर्यंत घोटून ठेवलं. सही करायला पेनही घेतलं होतं.

बुधरीबाईचा धान कापणीला आला होता. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेला मचाण होतं, मचाणावर टेप बांधला होता आणि त्याचा भोंगा जंगलाकडे तोंड करून लावलेला होता. बाई साठीच्या, काटक. आपण कोण ते सैफनं अंमळ जास्तच नम्रपणे सांगितलं.

"तू होय तो," बाई म्हणाल्या. "बरं झालं आला. डुकरं लय भेते तुले."

"डुकरं?"

"रानडुकरं. दिवस बुडाला का येते धान खायाले. डबे बडवून पाह्यले, फटाके फोडून पाह्यले. भजनाले तर कान बी हालवत नाई. तुह्या आवाजाले मात्र पळते."

सैफचं पेन खिशातच राहिलं. त्याला भयंकर वाईट वाटलं. पण सोमवार डोक्यावर होता, म्हणून त्यानं लाज गिळून विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः ऐकता? पूर्ण?"

"मचाणावर बसल्यावर कुठी जाऊ? रोज ऐकतो. पाठ झालं."

म्हणजे माणूस सापडला होता. सैफनं मनातल्या मनात बापाला हरवलं. तेवढ्यात बाई त्याला हाताला धरून बांधीच्या पलीकडे घेऊन गेल्या. तिथं धानाचा एक लांब पट्टा पार लोळवलेला होता.

"हे तुहं चौथं गाणं," बाई म्हणाल्या. "बाकीच्यात तू जीव तोडून वरडते. चौथ्यात गोड गोड रडते. तेवढ्यात डुकरं घुसते."

चौथं गाणं आईच्या मरणावर होतं. सैफला तेच सर्वात प्रिय होतं. त्यात भाड्याची व्हायोलिनं होती, आणि शेवटी एक हुंदका होता. तो जमेपर्यंत त्यानं सात टेक घेतले होते.

"तुही माय कवा मेली बाबू?"

सैफ वाकून लोळलेल्या धानाची एक काडी उभी करू लागला.

"माही मेली तवा दोन दिवस माह्या तोंडातून आवाज निघाला नाई," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "इतका आवाज काढाले माय जिती पाह्यजे."

"जिती आहे," सैफ म्हणाला.

"तिनं ऐकलं का हे?"

ऐकलं होतं. कॅसेट घरी आली त्या दिवशी त्याची अम्मी सईदा हातातलं काम टाकून टेपसमोर बसली होती. तीन गाणी तिनं मान डोलवत ऐकली. चौथं अर्ध्यावर आलं तेव्हा ती उठली, टेप बंद केला आणि पोळ्या लाटायला गेली. आणि सैफ तेव्हापासून गावभर सांगत फिरत होता, की आमच्या अम्मीला रॉक कळत नाही.