उजवीकडे ओढणारी गाडी

“ही बी उजवीकडं वढती,” हेल्मेट काढत हे म्हणाले, आणि शोरूममधल्या प्रविणने कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

बीडच्या त्या शोरूममध्ये आमची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला निळी गाडी उजवीकडे ओढत होती, दुसऱ्या खेपेला काळी, आणि आज ही लाल. प्रविणने मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने चाकातली हवा बघितली, हँडल बघितलं आणि स्वतः एक चक्कर मारून आला.

“सर, दोन्ही हात सोडून बघितलं. एकदम सरळ जाती.”

“म्हंजी मी खोटं बोलायलो?”

“तसं न्हाई सर,” प्रविण मध्ये पडला. “पण तीन गाड्या, तिन्ही येगळ्या, अन् तिन्ही एकाच बाजूला कशा वढतील?”

आम्हाला चौसाळ्याहून घेऊन येणारा रामकिसन सोफ्यावर पाय पसरून शोरूमचा फुकटचा चहा पीत होता. तिन्ही खेपा त्याच्याच व्हॅनमधून झालेल्या, त्यामुळे बोलायचा हक्क त्याला होताच. तो म्हणाला, “सरांना गाडी न्हाई, बहाणा पायजे.”

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण गेले पंधरा दिवस माझ्या मनात तेच होतं.

मी कावेरी. खेड्यातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायची आणि आमचे हे, मल्लिनाथ, त्याच शाळेत प्रयोगशाळा सहायक. सहायक म्हणजे परीक्षानळ्या धुणारा माणूस, असं पुष्कळांना वाटतं. पण लंबक, तराजू, भिंगं यांच्यात या माणसाचा जीव रमायचा. शाळा चौसाळ्यापासून एकोणीस किलोमीटर. अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघं एकाच गाडीवर गेलो नि एकाच गाडीवर आलो. मी साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे सोडून मागे बसलेली, मांडीवर वह्यांची पिशवी. भांडणं झाली तीही गाडीवरच, आणि मिटली तीही शाळा यायच्या आत.

त्यांना वेड एकच, रस्त्याचं. आमच्या गावावरून जाणारा हायवे एका टोकाला कर्नाटकात अंकोल्याला, समुद्राजवळ संपतो आणि दुसऱ्या टोकाला थेट पंजाबात संगरूरला. हे त्यांनी नकाशात शोधून काढलं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसलं. “जलमभर या रस्त्याच्या कडेला ऱ्हायलो, पण याचं ना डोकं बघितलं ना शेपूट,” असं ते म्हणायचे. हायवेवरच्या हॉटेलात लांबचे मोटारसायकलवाले चहाला थांबले की हे तिथे हजर. जॅकेट घातलेल्या त्या पोरांना विचारून विचारून त्यांनी एक वहीच भरली होती. क्रूझरवर पाय पुढे ताणून बसावं लागतं, खड्ड्याचा दणका सरळ कमरेत. उंच ॲडव्हेंचर गाडीवर पाच फूट चार इंचाच्या माणसाचे पाय जमिनीला पोहोचत नाहीत. निव्वळ रेसच्या गाडीवर टाकीवर पालथं पडावं लागतं, शंभर किलोमीटरमध्ये मनगटं भरून येतात. मधला मार्ग म्हणजे स्पोर्ट टुरर. अंग जरासं पुढे, समोर वारा अडवणारी काच, टाकी मोठी आणि दिवसाला चार-पाचशे किलोमीटर बसता येईल अशी सीट. त्या वहीत प्रत्येक गाडीपुढे एक रकाना होता, ‘मागची सीट’. कारण निघायचं ठरलं होतं ते दोघांनी. मी तर पंजाबी ड्रेसही शिवायला टाकला होता आणि शिंपीणबाईची थट्टा ऐकून घेतली होती.

मग माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, “चारचाकीत बसा, हरकत नाही. दुचाकी आयुष्यात नाही.” मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हे दोन वर्षं एकटेच शाळेत जाऊन यायचे आणि यंदा मे महिन्यात तेही निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी मीच वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. “तुमी एकटे जा,” मी म्हणाले. ते तयारही झाले. आणि आता एकेक गाडी उजवीकडे ओढत होती.

मी त्यांना शोरूमबाहेर बोलावलं.

“खरं सांगा. तुमाला जायचंच न्हाई ना?”

“जायचंय की.”

“मग कावून खोड काढायलाव? मी घरी एकटी ऱ्हाईन म्हणूनच ना?”

“अगं, त्याचा काय संबंध...”

“हाय संबंध. तुमी गेला न्हाईत तर जलमभर मला टोचत ऱ्हाईल, माझ्यापायी हा माणूस घरात बसला म्हणून. हे वझं माझ्यावर टाकू नका. आधीच माझा मणका नाजूक हाय.”

एरवी या बोलण्यावर ते हसले असते. आज हसले नाहीत. हेल्मेट या हातातून त्या हातात करत राहिले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण चेहरा असा, की जणू गुरुजींनी चोरीचा खोटा आळ घेतलाय.

“कावेरी, मला लई जायचंय गं,” ते म्हणाले. “रात्री डोळे मिटले की रस्ता दिसतो. पण गाडी वढती, ती वढतीच. आता ते कसं पटवू तुला?”

मी त्यांच्या कानांकडे पाहिलं. खोटं बोलताना या माणसाचे कान लाल होतात, आणि कान लाल नव्हते.

“चला, दाखवा मला,” मी म्हणाले. “मी बघते हितं उभी ऱ्हाऊन.”

त्याआधीच्या दोन्ही खेपांना मी आत सोफ्यावर बसून होते, फार वेळ उभं राहायचं नाही म्हणून. आज सर्व्हिस रोडच्या कडेला, एका कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले. हे लाल गाडी घेऊन पार टोकापर्यंत गेले, वळले आणि माझ्याकडे येऊ लागले.

अठ्ठावीस वर्षं मी या माणसाच्या मागे बसले. त्यांची मान, शर्टाची कॉलर, कानामागचा तीळ, सगळं मला पाठ. पण गाडीवरचा हा माणूस समोरून कसा दिसतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ऑपरेशननंतर दारातून निरोप द्यायची तो गल्लीच्या वळणापर्यंत, आणि आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांतून कुणीच सरळ बसून जात नाही. आज सपाट डांबरावर ते येत होते आणि मला सगळं स्वच्छ दिसलं.

ते वाकडे बसले होते. उजवा खांदा खाली, कंबर सीटच्या उजव्या कडेला सरकलेली आणि डावीकडे वीतभर जागा मोकळी. डावीकडे दोन पाय सोडून बसलेल्या बाईचा भार पेलायला माणूस जसा उजवीकडे कलतो, तसे ते कलले होते. मागे कुणीही नसताना.

मला आधी हसू फुटलं. मोठ्याने हसले मी, रस्त्यात. गाडी माझ्यापुढे थांबेपर्यंत मात्र त्या हसण्याचं काय झालं, ते मला सांगता येणार नाही. पदराने डोळे पुसावे लागले एवढं खरं.

“काय झालं? दुखायलं का?” हे घाबरून उतरले.

“गाडी न्हाई वढत,” मी म्हणाले. “तुमी वढताव. तुमी मला मागं धरून बसलाव.”

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी सीटकडे पाहिलं, स्वतःच्या कमरेकडे पाहिलं.

“डावीकडं भार, म्हणून मी उजवीकडं,” ते पुटपुटले. “तीस वर्षं पोरांना तराजू शिकवला, कावेरी, अन् मला हे कळलं न्हाई.”

“पण जुन्या गाडीवर कधी म्हणाला न्हाईत तसं.”

“तिचं हँडलच वाकडं हाय, मागं पडलतो तवापासनं. ती वाकडी अन् मी बी वाकडा, जमून गेलं.”

प्रविण आणि रामकिसन तोवर जवळ आले होते. प्रविणला एवढा आनंद झाला, की त्याने लगेच उपाय सुचवला. “सर, सोपं हाय. डाव्या बाजूला बॅग लावू, त्यात पाच-सात किलो सामान. बॅलन्स होऊन जाईल.”

यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ती कल्पना आवडली होती, हे मला दिसलं. माझ्या जागी काहीतरी राहिलं असतं.

“नको,” मी म्हणाले. “अडीच हजार किलोमीटर वाकडं बसून जाणार का? तुमच्या बी मणक्याला दुसरा डॉक्टर बघायचा का मंग? सरळ बसायला शिका.”

शोरूममागे प्लॉटिंगसाठी पाडलेलं मोकळं मैदान होतं, आत डांबरी रस्ते आखलेले. तिथे मी यांना शिकवलं. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण वाकडी ओळ सरळ करून घ्यायची सवय आहे. ते येत, मी ओरडत असे. “डावीकडं सरका. अजून. खांदा वर घ्या. उजवा, उजवा!” रामकिसनने व्हॅनमधून माझ्यासाठी उशी आणून एका दगडावर ठेवली, तरी मी बसले नाही.

“अजून सरकू? तितं तर तू बसायचीस,” एकदा माझ्याजवळ गाडी हळू करत ते म्हणाले.

“मी आता व्हॅनीत बसते. सरका.”

सहाव्या का सातव्या फेरीला ते सरळ आले. दोन्ही खांदे एका रेषेत, कंबर मध्यावर. मी हात वर करून ‘बरोबर’ अशी खूण केली, तर ते थांबलेच नाहीत. माझ्यासमोरून तसेच गेले, मैदानाच्या टोकाला गेले, तिथून सर्व्हिस रोडवर, आणि दिसेनासे झाले. परत आले तेव्हा हेल्मेटची काच वर केलेली आणि चेहरा नुसता फुललेला.

“न्हाई वढत!” ते ओरडले. “कावेरी, न्हाई वढत गं!”

“न्हाईच वढणार,” मी म्हणाले.

मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, वाईटही तेवढंच वाटलं. त्या अंगाने मला अठ्ठावीस वर्षं सांभाळलं होतं, आणि अर्ध्या तासात मी ते त्याला विसरायला लावलं होतं.

आठ दिवसांनी गाडी ताब्यात मिळाली. मी हळदकुंकू लावलं, हार घातला, यांनी नारळ फोडला. प्रविणने पेढे दिले आणि आमचा फोटो काढला. डिसेंबरात आधी अंकोल्याला जायचं, समुद्राला पाय लावून वळायचं आणि तिथून संगरूर, असं यांनी त्याला नकाशावर दाखवलं. मग हे नव्या गाडीवर आणि मी रामकिसनच्या शेजारी, असे आम्ही घराकडे निघालो. एकाच घरी जायला दोन गाड्या, असं आमचं पहिल्यांदाच होत होतं.

हायवेला लागल्यावर रामकिसन म्हणाला, “बाई, फुडं काढू का? सर लई हळू चालवायलेत.”

“नको. मागंच ऱ्हाऊ दे.”

ते सरळ बसले होते. पाठ ताठ, दोन्ही खांदे सारखे. रस्त्याने जाणारा एखादा पोरगा वळून गाडीकडे बघायचा. मला फार बरं वाटत होतं आणि मी डोळे त्यांच्या पाठीवरून काढले नव्हते.

चौसाळ्याजवळ आम्ही हायवे सोडून गावाकडे वळलो. तिथे गतिरोधक आहे. अठ्ठावीस वर्षांत एकही गतिरोधक असा गेला नाही, की त्याच्याआधी यांनी डाव्या खांद्यावरून मान वळवून ‘धर गं’ म्हटलं नाही. शाळेतून येताना मी गाडीवरच पेंगायची, म्हणून.

यांच्या गाडीचा मागचा दिवा लाल झाला. हेल्मेट डाव्या खांद्याकडे वळलं, जरासं खाली झुकलं आणि पुन्हा समोर झालं.

“सर कुणाला काय म्हणायलेत?” रामकिसनने विचारलं.

“काई न्हाई,” मी म्हणाले. “गतिरोधक आलाय, हळू घे.”

आणि दारावरची कडी मी घट्ट धरली.