वरच्या झऱ्याची पाटी

निळा पत्रा, तीन फूट रुंद. पांढरी अक्षरं: 'उमलादो गावास कंपनीकडून सप्रेम भेट.'

तमालपत्राची पानं वाळत घातली की चिमटीने उलटायची. ओंजळीने उलटली तर मोडतात.

आमच्यात घर आणि जमीन सगळ्यात धाकट्या मुलीकडे जाते. गावच्या दरबारात, म्हणजे गावसभेत, मात्र फक्त पुरुष बसतात.

भिजलेली चुनखडी हाताला साबणासारखी बुळबुळीत लागते.

माझा मेव्हणा किटबोक म्हणतो, "मी या घरात पंचवीस वर्षांचा पाहुणा."

*

सिमेंट कंपनीच्या गावविकास खात्यात मला नऊ वर्षं झाली. डोंगरात कंपनीची खाण वाढत गेली, तसा गावचा खालचा झरा पांढरा यायला लागला. पाणी रात्रभर ठेवलं तर तळाशी बोटभर गाळ. चाळीस घरांची भिस्त त्याच पाण्यावर. म्हणून टाकी ठरली. वरच्या झऱ्याचं पाणी पाइपाने आणायचं, गावात चार नळ द्यायचे.

वरचा झरा आमच्या तमालपत्राच्या बागेत आहे. आमच्या म्हणजे ऐतीमोनच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या.

दरबारात प्रमुखांनी, ज्यांना सगळे बाह, म्हणजे दादा, म्हणतात त्या ओल्डरिननी, विचारलं, "तुमच्या घरचं काय?"

मी त्या घरातला थोरला मामा. म्हणालो, "आमची हरकत नाही."

सगळ्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय संपला. मामा बोलला म्हणजे घर बोललं, असं आम्ही धरतो. बोलण्याआधी तो चुलीपाशी बसून बहिणीला विचारून आला असेल, हेही धरतो.

मी विचारलं नव्हतं.

*

मंगळवारी पाइपांची गाडी आली. ऐतीमोन बागेच्या वाटेत मधोमध बसली होती. मांडीवर सूप, सुपात पानं.

"हेप, ऊठ. गाडी आत जायचीय," मी म्हणालो. धाकट्या बहिणीला आम्ही हेप म्हणतो.

"जाऊ दे की. आली त्या वाटेने परत."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"सगळ्या गावच्या पाण्याचं काम आहे," मी म्हणालो.

"पाण्याला कोण नाही म्हणतंय? मला विचारलं कोणी, बाह? दरबारात बसायला मला मिशा नाहीत, कबूल. पण दर रविवारी जेवायला माझ्याच चुलीपाशी येतोस ना? भात दोनदा घेतोस. तोंड भरलेलं होतं म्हणून विचारायचं राहिलं का?"

ड्रायव्हर हसला आणि माझ्याकडे बघून थांबला.

आमचे अधिकारी बरकटकी जीपमधून उतरले. आसामचे, नवीन. हातात संमतीचा कागद. ते थेट लाकडं फोडणाऱ्या किटबोककडे, ऐतीमोनच्या नवऱ्याकडे, गेले. "कुटुंबप्रमुख तुम्हीच ना? इथे सही करा."

"साहेब, माझ्या सहीला विचारतात ते माझ्या आईच्या घरी. इथे मी लाकडं फोडतो."

बरकटकींनी माझ्याकडे पाहिलं. मी लाकडांकडे पाहिलं.

*

तेवढ्यात ऐतीमोनला गाडीतली पाटी दिसली. तिने ती मोठ्याने वाचली.

"भेट? झरा माझा. खालचा घाण केला यांनी. आणि भेटही यांचीच?"

"मग काय लिहायचं?" बरकटकींनी विचारलं.

"'बिघडवलं, म्हणून भरून देतोय.' बारीक अक्षरात लिहिलं तरी चालेल."

बरकटकी तिच्यासमोर दगडावर बसले. तिने पुढे केलेली ओली सुपारी त्यांनी घेतली, थोडी चावली, तिच्या उष्णतेने कपाळावर घाम आला. मग आमच्या शब्दात तिला ताई म्हणत म्हणाले, "काँग, तसं लिहिलं तर हे काम या निधीतून होणारच नाही. भरपाईचं खातं वेगळं. ते खातं म्हणतं, बिघाड झालेलाच नाही. हा निधी फक्त चांगुलपणाचा आहे. एकतीस मार्चला त्याची मुदत संपते."

"म्हणजे चांगुलपणा म्हटलं तर टाकी. चूक म्हटलं तर पांढरं पाणी."

"हो."

हे 'हो' त्यांनी खाली न बघता म्हटलं. माझ्याच्याने ते झालं नसतं.

"चाळीस घरं आहेत, हेप."

"मला सांगतोस? त्यातल्या अकरा घरच्या बायका पहाटे माझ्या झऱ्यावर हंडे भरतात. कधी नाही म्हटलं मी?" तिने सूप खाली ठेवलं. "खालचा झरा बिघडला, हे तीन वर्षं सांगतेय."

"कोणाला?" बरकटकींनी विचारलं.

ती पानं चिमटीने उलटत राहिली. "ज्याला सांगायचं त्याला."

*

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बांधा टाकी. पाटी लावायची नाही. भिंत कोरी ठेवा."

"पाटीसकट फोटो नसेल तर वर कोणी काम झालं असं मानत नाही, काँग."

"मग हातात धरा. फोटो काढा आणि जाताना घेऊन जा."

बरकटकींनी सूप उचलून तिच्या हातात दिलं. ती वाटेतून उठली.

*

अहवालातला फोटो, क्रमांक चार. मागे टाकी. डावीकडे बरकटकी, उजवीकडे मी, दोघांच्या हातात पाटी. माझी बाजू जरा खाली गेली आहे. जमिनीची मालकीण फोटोत नाही. तिला बोलावलं होतं, तिने पानांचं कारण सांगितलं.

त्या दिवशी नळाला पहिलं पाणी आलं. स्वच्छ. बाह ओल्डरिननी ते ग्लासात घेऊन उन्हात धरलं आणि बराच वेळ प्यायलेच नाहीत, नुसते बघत राहिले. पाटी जीपमधून परत गेली.

*

रविवारी जेवणाआधी मी चुलीपाशी बसलो. किटबोक बाहेर होता.

"हेप, मी आधी विचारायला हवं होतं."

"जागेचं म्हणतोस?"

"हो."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "ठीक आहे," म्हणाली. "जागेचं झालं." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी ताट पुढे ओढलं.

खालचा झरा पहिल्यांदा पांढरा आला त्या वर्षी तिने कंपनीला अर्ज केला होता; तो माझ्या टेबलावर आला आणि मी त्यावर 'नोंद घेतली' असं लिहून फाईलला लावला.